नाल्यापलीकडची मुलं

रिक्षात बसलेल्या सगळ्यांचे मोबाइल एकाच वेळी किंचाळले आणि संघमित्रा पर्स छातीशी धरून "थांबवा, थांबवा" असं ओरडत चालत्या रिक्षातून जवळजवळ बाहेरच पडली. रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक लावला. मागचा दुचाकीवाला एक शिवी हासडून निघून गेला. शेजारच्या बाईनं मेथीची जुडी मांडीवर सावरत तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, बाई घरून भांडून निघालीय की काय अशा नजरेनं. "काही नही ताई, टेस्टिंग शे ते," रिक्षावाला म्हणाला आणि त्यानं आपला मोबाइल तिच्यासमोर धरला. आपत्तीच्या वेळी नागरिकांना सावध करण्यासाठी हा चाचणी संदेश पाठवण्यात येत आहे, आपल्याकडून कोणत्याही कृतीची अपेक्षा नाही. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिला हसू फुटलं. हे हसू तिला अलीकडे नको तिथं फुटायचं. तिच्या वडलांना, आबांना, त्याची भीती वाटायला लागली होती. "मी इथंच उतरते, जवळच आहे," असं सांगून ती उतरली. ऑफिस जवळ मुळीच नव्हतं.

जळगावला सप्टेंबरातही ऊन असं पडतं की मे महिना काही विसरून गेलाय आणि ते न्यायला परत आलाय. सोन्याच्या दुकानांच्या काचांवरून ते ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. लोक बिनघोर चालले होते, कारण त्यांच्याकडून कोणत्याही कृतीची अपेक्षा नव्हती. तिच्याकडून मात्र आज एका सहीची अपेक्षा होती. नाल्याच्या पुरात वाहून गेलेल्या खाज्याच्या मृत्यूची चौकशी आज संपणार होती. शाळेवर त्या दिवशी हजर असलेली शिक्षिका म्हणून तिचा जबाब, आणि मयताची पत्नी म्हणून दिवालीबाईचा जबाब, एवढं झालं की प्रकरण बंद. काल ऑफिसातल्या कारकुनानं फोनवर जबाबाचा मसुदा वाचून दाखवला होता, तुमच्यासारख्यांना उगाच त्रास नको म्हणून. त्यात तिच्याबद्दल 'प्रसंगावधान' होतं. खाज्याबद्दल 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' होतं. ते ऐकल्यापासून तिच्या घशात काहीतरी बसलं होतं, माशाच्या काट्यासारखं, भाताचा घास गिळूनही न जाणारं. रात्रभर तिनं मनाशी घोकलं होतं, हे मी खोडायला लावणार. निष्काळजीपणा कुणाचा, ते मी तिथं माझ्या तोंडानं सांगणार. मग निलंबन होवो, काय वाट्टेल ते होवो. आणि हे ठरवल्यावर तिला पोटात कसं गार वाटलं होतं, बऱ्याच दिवसांनी झोपही लागली होती.

सकाळी ती निघताना आबांनी नेहमीप्रमाणे गॅसचा रेग्युलेटर बंद आहे का ते पाहिलं, मग परत जाऊन पाहिलं. सुकदेव आबांची सगळी नोकरी वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. गेटवर काडेपेटी, विडी, चाव्या, खिशातली सुटी नाणी सगळं काढून ठेवायचं, मगच आत जायचं. उभ्या नोकरीत त्यांनी एकही अपघात पाहिला नाही आणि त्याचं सारं श्रेय ते नियमांना देत. घरीही तेच. दारातल्या फळीवर खिसे रिकामे केल्याशिवाय हा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात गेला नाही. आई चिडवायची, माझ्या चुलीचा काय स्फोट होतो का हो? ते हसायचे नाहीत. संघमित्रा शाळकरी असताना तिनं विचारलं होतं, हा असलाच नियम का, आणि आबा म्हणाले होते, "का ते विचारायचं नाही. ज्याला ते माहीत होतं, तो मरून गेलेला असतो. त्याच्या मागं राहतो तो नियम." पण एवढंच नव्हतं. आबांच्या वडलांना गावात पाटलाच्या मर्जीवर जगावं लागलं होतं, कुठल्या रस्त्यानं जायचं आणि कुठल्या वेळी, हेही मर्जीवर. त्या गावातून ही माणसं बाहेर पडली ती कायद्याचं बोट धरून. म्हणून भिंतीवर बुद्ध, त्याच्या शेजारी बाबासाहेब, आणि सव्वीस जानेवारीला घरात पुरणपोळी. माणूस फिरतो, नियम फिरत नाही, असं आबा म्हणत. आज मात्र ती चप्पल घालत होती तेव्हा एवढंच म्हणाले, "मित्रा, तिथं जास्तीचं बोलू नको." त्यांना वास आला होता.

आबांच्या या मुलीनं त्या दिवशी शासनाचा आदेश मोडला होता. शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी, दोन शिक्षकी, दुसरे सर तेव्हा प्रशिक्षणाला गेलेले. शाळेच्या अलीकडे गाव आणि पलीकडे नाला, नाल्याच्या पलीकडे टेकाडावर पाडा. पाड्यावरची मुलं नाल्यातल्या दगडांवरून उड्या मारत येत. एरवी त्या नाल्यात पाण्यापेक्षा शेळ्याच जास्त. पण डोंगरात पाऊस झाला की इथं थेंब नसताना पाणी येतं, न सांगता, आणि येतं ते भिंतीसारखं उभंच येतं. पंधरा ऑगस्ट होऊन गेला होता. अकराच्या सुमाराला तालुक्याच्या ग्रुपवर संदेश आला, अतिवृष्टीचा इशारा, सर्व शाळा तत्काळ सोडण्यात याव्यात, अनुपालन अहवाल सादर करावा. तिनं बाहेर येऊन पाहिलं. शाळेवर चक्क ऊन होतं. डोंगर मात्र दिसत नव्हता. जिथं डोंगर असतो तिथं काळंशार काहीतरी बसलं होतं. ती नाल्यापर्यंत चालत गेली. पाणी घोट्याएवढंच, पण रंग चहासारखा झालेला, आणि त्यावरून सागाची वाळकी पानं येत होती, ओल्या मातीचा वास येत होता. परत येऊन तिनं गावातली मुलं सोडली आणि पाड्यावरच्या मुलांना सांगितलं, तुम्ही बसा. खिचडी शिजवणाऱ्या मंजुळाबाईनं विचारलं, "आदेश शे ना बाई?" "असू दे," ती म्हणाली. हे 'असू दे' तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडलं असेल. ग्रुपवर इतर शाळांचे अहवाल पडत होते, शाळा सोडली, शाळा सोडली, शाळा सोडली. तिनंही 'शाळा सोडली' असं लिहून टाकलं, कारण न लिहिणाऱ्याला फोन येतो. अर्धी शाळा सोडली होतीच की. आणि मग अर्ध्या तासात तो आवाज आला. आधी तिला वाटलं, ट्रक. मग जमीन थरथरली.

पुढचे दोन-तीन तास तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे ती कुणाला सांगणार? शाळेच्या ओट्यावरून नाला दिसत नव्हता, पण ऐकू येत होता, त्यात मोठमोठे दगड एकमेकांवर आपटत होते. आणि पोरं आत होती. तिनं त्यांना मोजलं, मग विनाकारण पुन्हा मोजलं, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून. आदेश पाळला असता तर ही आता त्या दगडांवर असती. हे डोकं असतं, हेही असतं. एवढा थोर, एवढा नीट, अंगात भिनलेला बरोबरपणा तिनं कधी अनुभवला नव्हता. बी.एड.चा निकाल लागला तेव्हा नाही, लग्नात नाही, आणि मोडलेल्या लग्नातून बाहेर पडली तेव्हाही नाही. पाऊस आता इथंही सुरू झाला होता. पत्र्यावर इतका आवाज की शेजारचं बोलणं ऐकू येईना. धाकटी मुलं रडवेली झाली, तेव्हा तिनं सगळ्यांना गोल बसवून गाणी म्हणायला लावली, मोठ्यानं, अजून मोठ्यानं, पावसाला हरवायचंय ना? पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. तिसरीतली हेमलता सगळ्यात जोरात. मंजुळाबाई दारात बसून टाळ्या वाजवत होती. त्याच वेळी नाल्याच्या त्या काठावर खाज्या आपल्या मुलीच्या, हेमलताच्या, नावानं हाका मारत होता. तो आवाज आत येणं शक्य नव्हतं. हे तिनं पुढं अनेकदा स्वतःला समजावलं. पत्रा, पाऊस, दगड, गाणी. शक्यच नव्हतं.

पण हाकांची गरजच पडली नसती. तिथं एक रीत होती. तिच्या आधीचे मुख्याध्यापक पितांबर सर, रिटायर होऊन आता धुळ्याला मुलाकडे असतात, त्यांनी ती पाडली असावी किंवा त्यांच्याही आधीपासून असेल. नाल्याला पाणी आलं आणि पलीकडची मुलं शाळेत अडकली की सर झेंड्याच्या खांबाला लाल लुगडं चढवत. खांब शाळेच्या आवारात, उंचावर, पाड्यावरच्या प्रत्येक दारातून दिसणारा. लाल दिसलं की पोरं शाळेत आहेत, सुखरूप आहेत, उतरू नका. नाही दिसलं की पोरं निघाली. पाड्यावर मोबाइलला रेंज येते ती एका दगडावर उभं राहिलं तर, आणि पावसात तीही नाही. संघमित्रानं ही रीत तिच्या पहिल्या वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा सर होते. सरांनी दोरी ओढली, लुगडं फडफडत वर गेलं, आणि पलीकडच्या काठावर जमलेली माणसं एकेक करून घरी गेली होती. तिला तेव्हा गंमत वाटली होती, थोडी लाजही. झेंड्याच्या खांबाला लुगडं!

त्या दिवशी तिला ते आठवलं नाही असं नाही. आठवलं. मंजुळाबाईकडून तिनंच लाल लुगडं मागून घेतलं. डोक्यावर पोतं पांघरून ती खांबापाशी गेली, दोरीची गाठ सोडली. पंधरा ऑगस्टसाठी खांबाला पांढरा रंग दिला होता, दोरी नवी होती, ओल्यानं कडक झालेली. आणि हात थांबला. ध्वजस्तंभाचा अन्य कोणत्याही कारणासाठी वापर करू नये, हे तिनंच पंधरवड्यापूर्वी फळ्यावर लिहिलं होतं. बाजूच्या तालुक्यात कुणा शिक्षकाचा कसलासा फोटो फिरला होता आणि तो घरी बसला होता. पण तेही खरं कारण नव्हे. पितांबर सरांनी बांधलं तर ती सोय होती. तिनं बांधलं, तिच्या आडनावाच्या बाईनं, आणि गावातल्या कुणी मोबाइल काढला, तर त्याला दुसरंच नाव पडलं असतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, हे अंगातच असतं. आणि त्याच्याही खाली, अगदी खाली, आबा उभे होते, दारातल्या फळीपाशी खिसे रिकामे करणारे. एका दिवसात दोन नियम मोडायची तिची ताकद नव्हती. एक मोडून ती दमली होती. तिनं गाठ पुन्हा मारली आणि लुगडं खोलीमागच्या लिंबाच्या फांदीला बांधलं. "दखाई जाई का?" तिनं विचारलं. "जाई ना. लाल शे," मंजुळाबाई म्हणाली. दोघींनाही तसंच वाटलं. लिंब खोलीच्या आडोशाला आहे हे दोघींनाही ठाऊक होतं, रोज पाहत होत्या, आणि तरी दोघींनाही तसंच वाटलं.

खाज्या दुसऱ्या दिवशी खाली करवंदीच्या जाळीत अडकलेला सापडला. ती पाड्यावर गेली तेव्हा दिवालीबाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. हेमलता कोपऱ्यात, नव्या फ्रॉकमध्ये. कुणीतरी बदलून घातला असेल. संघमित्राला वाटलं होतं, आता ही बाई आपल्या अंगावर धावून येईल, आणि धावून आली तर बरं. दिवालीबाई म्हणाली, "पोर वाचनी, बाई." मग तिच्याकडे न बघता, सुपातलं काही निवडत असल्यासारखं म्हणाली, "वाण्याना दुकानवर सांगं त्याले कोनीतरी, शाळा सुटी गयी. तो पानी येवाना पहिले घर उना, पोर घर नव्हती. मंग खांबकडे दखी ऱ्हायंता. खांबवर काहीच नव्हतं." आरोप नव्हता त्यात. असता तर धरून ठेवायला काहीतरी मिळालं असतं. संघमित्रा तिथं बसून राहिली, कुणी दिलेला काळा चहा पिऊन आली. खाज्याला ती ओळखत होती. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा गुरुबाबांची माळ घालून आला होता तो. मोहाचं पाणी सोडलं, मटण सोडलं, आणि पालकसभेत हात जोडून सगळ्यांना सांगत सुटला की पोरांसमोर पिऊ नका. लोक हसायचे. मुलीला खांद्यावर बसवून नाला ओलांडायचा, पाणी नसतानाही.

यानंतर जे झालं ते जास्त वाईट होतं. तिचं कौतुक झालं. आदेशामुळे ज्या ज्या शाळा सुटल्या, तिथली मुलं कशी अडकली त्याच्या बातम्या आल्या आणि त्यांच्याखाली तिची बातमी आली, फोटोसकट. इतर शाळांतल्या शिक्षिका मैत्रिणींचे फोन आले. कॉलनीतल्या विहारात कुणी तिचा सत्कार करायचं काढलं, तेव्हा ती ताप आल्याचं सांगून झोपून राहिली. आदेश मोडल्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. 'शाळा सोडली' या तिच्या संदेशाबद्दलही नाही. आणि मागच्या आठवड्यात नवं परिपत्रक आलं, शाळा सोडताना किंवा न सोडताना पालकांना विश्वासार्ह माध्यमातून कळवण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील. तिनं ते आबांना वाचून दाखवलं. आबांनी ते हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. हा नियम का आहे हे आता त्यांच्या घरातच कुणाला तरी माहीत होतं, आणि ते माणूस जिवंत होतं.

ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर दिवालीबाई बसली होती. शेजारी तिचा भाऊ गोपाल, मध्ये हेमलता, हातात बिस्किटाचा पुडा. सकाळच्या एस.टी.नं आली असणार. हेमलता बाईंना बघून उभी राहिली, वर्गात उभी राहते तशी, आणि म्हणाली, "नमस्ते बाई." संघमित्रानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. आत चौकशी करणाऱ्या साहेबांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. दमलेला, सज्जन माणूस, टेबलावर गोळ्यांची पट्टी. सगळी पंचाईत हीच होती की इथं कुणीच वाईट नव्हतं. चौकटीला दार नव्हतं, पडदा होता, पंख्याच्या वाऱ्यानं हलणारा. साहेबांनी मसुदा वाचायला सुरुवात केली. 'मयत इसमाने पुराचा इशारा असतानाही स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' इथपर्यंत ते आले आणि ती म्हणाली, "हे खोटं आहे."

"यात खोटं काय, मॅडम? इशारा होता. तो पाण्यात उतरला. प्रत्येकानं आपापली काळजी घ्यायला नको का?"

"तो मुलीला शोधायला उतरला. मुलगी माझ्याकडे आहे हे त्याला कळवायची सोय होती. मी ती वापरली नाही. तसं लिहा."

"कसली सोय?"

तिनं सांगितलं. सगळं, लिंबापर्यंत. रात्रभर घोकलेलं असल्यामुळं ते फार सफाईनं आलं, आणि बोलता बोलता छातीवरचं ओझं खरोखरच एकेक मणानं उतरत गेलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पडद्याकडे बघितलं. "ध्वजस्तंभाला?" ते हळू आवाजात म्हणाले. "मॅडम, हे असं मोठ्यानं बोलू नका. अहो, खांबाला लुगडं बांधून पालकांना कळवावं असं कुठल्या परिपत्रकात आहे? तुम्ही ते केलं असतंत तर मलाच तुम्हाला नोटीस काढावी लागली असती. मी कुठल्या कलमाखाली हे लिहू?"

"आदेश मोडला ते लिहा. खोटा अहवाल पाठवला ते लिहा."

"ते बघू. मुलं वाचलीयत, तेवढं मी सांभाळून घेईन." ते खरंच सांभाळून घ्यायला निघाले होते. तिला रडू यायला लागलं. जो नियम तिनं मोडला होता त्याची शिक्षा नव्हती, आणि जिच्यासाठी तिला शिक्षा हवी होती ती चूक कुठल्याच नियमात बसत नव्हती. "मग मी सही करणार नाही," ती म्हणाली. "तो निष्काळजी नव्हता. त्याच्याइतका काळजीचा माणूस त्या पाड्यावर नव्हता. तो मुलीसाठी गेला, माझ्यामुळे गेला, हेच लिहायचं. नाहीतर मी लेखी देते."

साहेबांनी कपाळ चोळलं आणि दिवालीबाईला आत बोलावलं. ती आली, पदर डोक्यावर ओढून भिंतीशी उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. साहेबांनी सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं. बाई म्हणतात, तुमचा नवरा मुलीला शोधायला पाण्यात उतरला. शाळेकडून निरोप नव्हता म्हणून. तसं लिहायचं का? संघमित्रा तिच्याकडे बघत होती. आता ही हो म्हणेल आणि सगळं संपेल, असं तिला वाटत होतं.

"नही," दिवालीबाई म्हणाली. "तसं नका लिखू, साहेब."

"मग कशाला गेला तो पाण्यात?"

"दारू पेयेल व्हता. पानी कितलं शे ते त्याले समजनं नही."

संघमित्रा खुर्चीतून अर्धवट उठली. "दिवालीबाई, अहो..."

"तुम्ही चूप ऱ्हा, बाई." पाड्यावरचं कुणी तिच्याशी असं कधी बोललं नव्हतं. आवाज मोठा नव्हता. "तुम्ही सांगी देशात आनि मोकळ्या व्हई जाशात. मनी पोरले तठेच ऱ्हानं शे. मनी सासू आतेच म्हनस, पोरनी बापले बलाई लिधं पानीमा. पोरं तिनासंगे खेळतस नही. कागदवर लिखाई गयं ना, पोरनासाठे गया, ते जलमभर म्हनतीन. लगीनमा म्हनतीन. तिले पोर व्हई तव्हय म्हनतीन." मग साहेबांकडे वळून, "लिखा साहेब. पेयेल व्हता."

"मग सरकारी मदतीचं अवघड होईल हो. कळतंय ना तुम्हाला?"

"ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी मोठा श्वास घेतला, सुटका झाल्यासारखा, आणि मग त्याची लाज वाटल्यासारखे कागद उगाच सारखे करत बसले. त्यांना आणखी एका माणसाचं तोंड हवं होतं. "मॅडम, तुम्ही ओळखत होतात त्याला," ते म्हणाले. "प्यायचा का?" दिवालीबाई पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत बघत होती. त्या नजरेत विनंती नव्हती. हिशेब आपल्या दोघींतला आहे, एवढंच होतं त्यात. संघमित्राला वाटलं, आपण इथं खाज्यासाठी आलोच नव्हतो. आपण आपला काटा काढायला आलो होतो, आणि तो काढून या पोरीच्या घशात घालून, हलकं होऊन घरी जाणार होतो. आबांना वास आला होता तो याचाच. पालकसभेत हात जोडून उभा राहिलेला खाज्या तिच्या डोळ्यांसमोर आला, गळ्यातली माळ, आणि माळेचा अभिमान लपवता न येणारं ते तोंड.

"हो," ती म्हणाली. "प्यायचा."

साहेबांनी ते लिहिलं. तिनं सही केली, फळ्यावर काढते तशा वळणदार अक्षरात. मग दिवालीबाईच्या अंगठ्यासाठी शाईचा डबा मिळेना म्हणून शिपाई दुसऱ्या खोलीत गेला, आणि संघमित्रा पडदा बाजूला सारून बाहेर आली. व्हरांड्यात ऊन बाकापर्यंत आलं होतं. गोपाल मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी काहीतरी करत होता. हेमलता तिच्याकडेच बघत होती. पडद्याच्या अलीकडे सगळं ऐकू येत होतं, हे तिला आत असताना सुचलंच नव्हतं.

"बाई," हेमलता म्हणाली. बाईंशी ती पुस्तकातलंच बोलायची, बाईंनीच तशी सवय लावली होती, आणि तिला त्याचा मोठा रुबाब वाटायचा. "माझे बाबा दारू पीत नव्हते. हो ना?"

गोपालनं मान वर केली नाही. संघमित्रा तिच्या शेजारी बाकावर बसली. आतून शिपायाचा आवाज आला, डबा सापडला म्हणून. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न येणारच होता, मग ते पाण्यात का गेले, आणि मुलगी शहाणी होती, त्याचं उत्तर ती स्वतःच शोधून काढणार होती.

"प्यायचे, हेमा," ती म्हणाली. "कधी कधी. त्या दिवशी प्यायले होते."

हेमलतानं तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. सूर्य कुठं उगवतो, तापी कुठं जाते, सात सक किती, हे सगळं तिला बाईंनीच सांगितलं होतं आणि त्यातलं काही आजवर खोटं निघालं नव्हतं. ती पुड्याचा कागद नखानं सोलत राहिली. मग तिनं "बरं" म्हटलं, आणि ते खरं धरलं.